पेल्यावरचं नाव

माझ्या भाच्यानं पदरमोड करून, मित्र जमवून एक थरारपट केला. जगात कुणीच नसलेल्या, आतून बिथरलेल्या माणसाची गोष्ट. भांडीकुंडी ताईच्याच घरातली. पडद्यावर त्या माणसानं पेला तोंडाला लावला आणि त्यावर कोरलेलं ताईचं नाव, 'सौ. कुसुम', लख्ख दिसलं.

"मेलं नाव झाकायचं राहिलं!" ताई पुटपुटली.

आपण भांड्यांवर नाव घालतो, ती शेजारी गेली तरी घरी परत यावीत म्हणून. माणसांवर नाव घालायची सोय नाही.

खेळ संपल्यावर एक अनोळखी बाई भाच्याला म्हणाल्या, "एवढा भरकटलेला माणूस, पण कुणाच्या तरी नावाचा पेला जपून ठेवला होता. तिथं मला रडू आलं. कोण हो ती कुसुम?"

भाचा चूक कबूल करणार, तोच ताई पदर सावरून पुढे झाली.

"मी," ती म्हणाली. "याची आई."