पाच आकड्यांची जखम

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मोठ्या बहिणीचा. तिला मी बाई म्हणतो. चौथीनंतर शाळा सोडून ती धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, मजुरीने जाऊ लागली, म्हणून मी आमगावला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिलाच.

नागपूरला मेडिकल कोडिंगची नोकरी लागली. अमेरिकेतल्या इस्पितळांचे ऑपरेशनचे रिपोर्ट वाचायचे आणि बिलासाठी प्रत्येक कामाला पाच आकडी कोड लावायचा. माझ्याकडे अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा आल्या. जखम माकडहाडावर की खुब्यावर, खालचे हाड काढले का, नुसते टाके घातले की शेजारची कातडी फिरवून झाकली, प्रत्येकाचा कोड वेगळा. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "जो लिखा नहीं, वो हुआ नहीं." करार दोन वर्षांचा होता, आणि माझी पदवीची मूळ कागदपत्रे तोवर कंपनीच्या कपाटात.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. त्यांचे सारे बाईच करी. गावात आमच्या कामाचा फोन एकच, किराणा दुकानातला. मी दर रविवारी तिथे फोन करून बाईला बोलावून घ्यायचो.

"बाबा कसे हायेत?"

"बरे हायेत."

"पाठ?"

"बरीच हाये. तू आपलं काम कर न बापा."

मी निश्चिंत होऊन फोन ठेवायचो.

दिवाळीला गेलो. बाईने बाबांना कुशीवर केले आणि मला दिसले. कमरेखाली वाटीएवढा खड्डा, काळ्या कडा, तळाशी पांढरे हाड. माझ्या डोक्यात आधी कोड आला, पाचही आकडे. मग वास आला.

"फोनवर काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"दुकानात चार माणसं उभी राहतेत. त्यायच्यासमोर सांगू, का बाबाच्या ढुंगणाले भोक पडलं म्हणून?" बाई म्हणाली. "अन् तू तं रोज हेच वाचून राहिला न? मंग सांग, काय करू?"

ऑपरेशन झाल्यावरचे सारे मला ठाऊक होते, त्याआधीचे काहीच नाही. हलवले की बाबा कण्हत, म्हणून ती त्यांना दिवसदिवस उताणेच ठेवत होती.

गोंदियाच्या डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदला आणि नागपूरला नेऊन ऑपरेशन करा म्हटले. महिनाभर तरी सोबत माणूस लागणार होता. रजा मागायला मी परतलो. साहेब म्हणाले, "जाना है तो जाओ, कागज यहीं रहेंगे." दोन दिवस मी तसाच बसून परक्यांच्या जखमांना कोड लावत राहिलो. तिसऱ्या दिवशी बाईला पत्र टाकले:

"बाई, शनिवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर दर दोन तासांनी बाबांची कूस बदल. ते कण्हतील, तरी बदल. इस्पितळात त्यांच्याजवळ मी राहीन, तू झोप. माझे कागद परत मिळतील की नाही, माहीत नाही. ते तुझ्या मेहनतीचे होते, म्हणून आधी तुला विचारायला हवे होते. पण दुकानात फोन केला असता तर तू 'काम कर' एवढेच म्हणाली असतीस, म्हणून लिहितो आहे."