चौथीचे बावीस रुपये

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण माफी मागायची सवय जात नाही.

मी गावच्या शाळेत खिचडी शिजवते. ह्याच शाळेत चौथीला होते. नवरा गेल्यावर माहेरी परत आले, तेव्हा आईबाप राहिले नव्हते. आता सगळे मला मावशी म्हणतात. माझं नाव घेणारं गावात कोणी उरलं नाही. दिवसभरात चार वाक्यं बोलते, त्यातली तीन 'अजून वाढू का' अशी असतात.

सातवीला इतिहास शिकवणाऱ्या बाई नव्या आहेत. हिंगोलीहून एसटीने येतात. त्या पुस्तक मिटायला लावतात. तांदूळ निवडताना मला खिडकीतून ऐकू येतं. पोरांनी काही सांगितलं की विचारतात, हे कशावरून? कोणी पाहिलं? लिहिलंय कुठं? आमच्या वेळी गुरुजी सांगायचे आणि आम्ही पाठ करायचो. त्यामुळे मला हे ऐकायला आवडायचं.

एक दिवस बाईंनी शाळेचं गंजलेलं कपाट उघडलं, पोरांना जुने कागद वाटले आणि यातून शाळेचा इतिहास शोधा म्हणाल्या. एका गटाकडे संचयिकेचं रजिस्टर आलं. संचयिका म्हणजे पोरांची बँक, चार आणे आठ आणे जमा करायची. शेवटच्या पानावर तारीख, पैसे गोळा करणाऱ्या मुलीचं नाव आणि पुढे होतं, चौथीचे बावीस रुपये येणे. पोरांनी त्या वर्षाची हजेरी काढून ताडून पाहिली. ती मुलगी त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवसापासून गैरहजर होती, ती कायमची.

माझा हात सुपात तसाच राहिला.

एक पोरगा म्हणाला, "चोरून पळाली असंल."

"तू पाह्यलं का?" त्याच्या गटातली पोरगी म्हणाली.

"पाह्यलं न्हाई. पण पैसे तर गेले ना?"

दुपारी ती पोरगी ताट घेऊन आली. मावशी, तुमी जुन्या आहात, ही कोण होती, असं विचारून तिनं माझंच माहेरचं नाव वाचून दाखवलं. किती वर्षांनी ते कानावर पडलं. मी माहीत नाही म्हणाले आणि पातेलं घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांना शोध तक्त्यावर लिहून भिंतीला लावायचा होता. तिथं चोर लिहिलं असतं, तर रोज त्याच्यासमोरून मला खिचडी न्यावी लागली असती. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी वर्गाच्या दारात उभी राहिले. चारचौघांत कधी बोलले नव्हते.

"ती पोरगी मी हाय," एवढंच म्हणाले.

काल ताट घेऊन आलेली पोरगी म्हणाली, "मावशी, काहून घेतले?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा गुरुजी घरी आले नाहीत, मैत्रिणीही नाहीत. मी सांगितलं. आई बाळंतपणात अडली होती. तिला सेनगावच्या दवाखान्यात न्यायला बापाला जीप करायची होती आणि घरात पैसे होते ते माझ्या दप्तरातलेच. आई वाचली, बाळ गेलं. बाजारानंतर भरतो म्हणाला बाप, ते राहून गेलं. भरल्याशिवाय कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून मी गेलेच नाही.

"पण हे लिहिलेलं कुठं हाय?" पोरगा म्हणाला.

"लिहिलं न्हाई. त्यांनी पाह्यलं हाय," पोरगी म्हणाली.

"मग मावशी, व्याज किती झालं?"

सगळे हसले. मीही.

बाई म्हणाल्या, राहू द्या, आता संचयिकाच नाही. पोरगी म्हणाली, रजिस्टरात तर बाकी दिसते. दुसऱ्या दिवशी मी दहाच्या दोन नोटा आणि दोन रुपयांचं नाणं नेलं. तिनं जुन्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घातली, माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: बावीस रुपये जमा, बाकी काही नाही.