हेल्पलाइनवरचा माझा आवाज

हसा हवं तर, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. आणि नंतर माझ्याकडे बघू नका. असा घोळ मी आयुष्यात दुसरा घातलेला नाही!

बडोद्यात, रावपुऱ्यातल्या गुजराती शाळेत तीस वर्षं शिकवलं. मास्तर रिटायर होतो हो, आवाज कुठे होतो? एका संस्थेतली पोरं घरी आली. "सर, जंगलाकडच्या गावांत वणव्याबद्दल सांगायचंय. मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात, तिथून आग पसरते. धूर दिसला की फोन करा, अशी हेल्पलाइन काढतोय. तुमचा आवाज द्याल?"

द्याल काय, दिलाच! वर अक्कलही दिली. फोन लागला की आधी माझा संदेश पूर्ण वाजवायचा, मगच आपल्या माणसाने बोलायचं. आयता प्रचार!

घरी मोठ्या कौतुकाने ऐकवला. बायको म्हणाली, "अहो, दारात आग आलेला माणूस एवढं पुराण ऐकत बसेल?"

"शिस्तीने ऐकेल," मी म्हणालो. काय ती मिजास!

चैत्रात टेकडीवरून आग उतरली. नानजीभाई म्हणून एक म्हातारा शेतकरी, त्याने तीनदा फोन लावला. त्याला वाटलं, पलीकडे खराच माणूस आहे! मी सांगतोय, पाला जाळू नका. तो ओरडतोय, "अरे भाई, आग लागी छे!" मी म्हणतोय, बिडी नीट विझवा. शेवटी शिव्या घालून त्याने फोन आपटला. तिन्ही वेळा!

मदत गेलीच नाही. त्याची मोहाची झाडं जळाली. गोठ्यातली गायही गेली. तिचं दावं सोडायचं सोडून तो माझ्याशी भांडत उभा होता हो!

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. म्हातारा राखेजवळ बसला होता. "नमस्कार, नानजीभाई," एवढंच म्हणालो.

तो ताडकन उठला. "आ तो पेलो ज छे! फोनवाळो!" आवाजावरूनच ओळखलं त्याने, हा तोच म्हणून.

मारेल, वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला समोर बसवलं आणि गाईबद्दल बोलायला लागला. वासरू होती तेव्हापासून. मला राहवेना. "नानजीभाई, चुकलं माझं, मी..."

त्याने बोट वर केलं. "थांब. माझं पूर्ण नाही झालं."

बसलो मग. शिस्तीने ऐकत.