नकाशातला पांढरा डाग

आमच्या भूगोल विभागात सॉफ्टबोर्डवर भारताचा एक जुना नकाशा लावलेला आहे. नोकरी लागलेले विद्यार्थी निरोप घ्यायला येतात, तेव्हा आपण जिथे चाललो तिथे एक टाचणी टोचून जातात. डेहराडून, हैदराबाद, इंदूर... टाचण्या चहूकडे पांगल्या आहेत.

काल वैशाली आली. पुराचे नकाशे करायच्या कामावर ती गुवाहाटीला निघाली आहे. तिनेही सगळ्यांसारखंच केलं. आधी आपल्या या गावावर बोट ठेवलं आणि तिथून सरकवत सरकवत गुवाहाटी गाठली. इतकी वर्षं प्रत्येकाने हेच केल्यामुळे आमच्या गावाचं नाव कधीच पुसून गेलंय. तिथे रुपयाएवढा पांढरा डाग उरलाय. नदी काठ कसा झिजवते, ते मी वर्गात शिकवते. जाणाऱ्या माणसांनीही गाव झिजतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"मॅडम, तुमची टाचणी कुठाय?" दारातून वळून वैशालीने विचारलं.

"मी कुठे गेलेय गं?" मी हसले.

ती गेल्यावर मात्र राहवेना. डबीतली एक टाचणी काढली आणि त्या डागावर नुसती टेकवली, तर कागद टरकन फाटला.

टाचणी मी परत डबीत ठेवली.