न तुटणारा पट्टा

बालाघाटच्या दुकानात कॅमेऱ्यासाठी पट्टा बघत होते. दुकानदारानं एक रुंद, मऊ पट्टा पुढे केला. "ताई, हा घ्या. बैलानं ओढला तरी तुटत नाही." तो गळ्यात घातला आणि नाकात एकदम धानाच्या भुशाचा जुना वास भरला.

कॉलेजात होते तेव्हा. किरनापूरच्या मामानं धान मळायचं नवं थ्रेशर घेतलं होतं. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. "चालू मशीनचाच फोटू पायजे मले," मामा म्हणाला. मी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावून वाकले. पट्ट्याचं लोंबतं टोक फिरत्या बेल्टात गेलं आणि मानेला असा हिसका बसला की ओरडायलाही श्वास उरला नाही. लोखंड गालाशी आलं. तेवढ्यात टर्रकन शिवण उसवली नि मी मागे भुशात पडले. कॅमेऱ्याचा चुरा झाला.

तो फाटका पट्टा आईनं सकाळीच शिवून दिला होता. कच्चा शिवलास म्हणून मी तिच्यावर चिडले होते. आता ती माझी मान चाचपत एकच बोलत होती, "बरं झालं माय, कच्चा होता."

गळ्यातला पट्टा मी घाईनं काढला.

"भाऊ, तुटणारा दाखवा."

तो हसला. माझा हात अजून मानेवरच होता.