रोझानने ओळख दाखवली नाही

आयोवातल्या आमच्या या नदीकाठच्या गावात रोझान थिलच्या कात्रीखाली बसली नाही अशी बाई विरळाच. माझेही केस तिनेच कापले, काळे होते तेव्हापासून. कात्री चालायची तसं तिचं तोंड चालायचं, आणि समोरची बाई कधी रडायला लागली हे तिचं तिलाही कळायचं नाही. "होईल गं सगळं ठीक," असं म्हणून रोझान तिच्या खांद्यावरचे केस झटकायची. एके दिवशी मला म्हणाली, "बाई, मी कितीजणींना हे सांगितलं असेल! आणि कितीजणींचं झालं ठीक?" चाळिशी उलटून गेलेली असताना तिने पार्लर विकलं आणि समुपदेशक व्हायला विद्यापीठात नाव घातलं.

तिचा नवरा गॅरी सगळ्यांना सांगत सुटला, "माझी बायको गप्प बसायला शिकतेय. मोठी पदवी असते म्हणे त्याची."

गॅरीची थट्टा अगदीच खोटी नव्हती. या शिक्षणात परवाना मिळण्याआधी कुणाच्या तरी देखरेखीखाली खऱ्या माणसांना भेटावं लागतं. रोझान आमच्याच तालुक्याच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसायची. माणसाची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करायचं, गुरुवारी त्यातलं निवडक डॉक्टर सोबोत्का नावाच्या शिक्षिकेपुढे आणि बरोबरच्या तीन विद्यार्थ्यांपुढे ऐकवायचं, आणि काम झालं की पुसून टाकायचं. तिथे कोण येतं, हे रोझानने कधी कुणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच.

मार्चमध्ये आमच्या अग्निशामक दलाची पॅनकेकची न्याहारी असते. दलातले सगळे गावातलेच, बिनपगारी. त्या सकाळी बंब बाहेर काढून शेडमध्ये टेबलं मांडतात, आणि एरवी आगी विझवणारी माणसं तव्यापुढे उभी राहतात. मी आणि रोझान रांगेत होतो. तव्यावर ओरिन क्वामे होता. चौथीत माझ्या हाताखाली शिकलेला, दांडगा आणि मवाळ. त्या हिवाळ्यात हमरस्त्यावरच्या अपघातात त्याला एका बाईला गाडीतून वेळेवर बाहेर काढता आलं नव्हतं. तेव्हापासून त्याचा चेहरा उतरला होता.

रोझानने प्लेट पुढे केली. ओरिनने उलथन्यावर पॅनकेक उचलला आणि तिच्याकडे पाहिलं. बोलला नाही, नुसतं पाहत राहिला. आमच्याकडे समोरून अनोळखी गाडी आली तरी नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून बोट उचलतात. पण रोझानने मान वळवली आणि शेजारच्या सॉसेजकडे, जन्मात सॉसेज पाहिला नसावा तशी, पाहू लागली. उलथनं तसंच वर राहिलं.

"अरे वाढ की तिला!" पलीकडून दलातलाच वर्नन ओरडला. "का गं रोझान, शिकलीस म्हणून आता आम्ही दिसेनासे झालो वाटतं?"

लोक हसले. ओरिनने तो पॅनकेक तिच्या प्लेटमध्ये ठेवला आणि तव्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. चौथीत फळ्यापुढे गणित अडलं की व्हायचे तसे.

बाहेर आल्यावर मी रोझानला फैलावर घेतलं. "चार अक्षरं शिकलीस तर माणसाला साधं 'कसा आहेस' म्हणवत नाही?"

तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. "मला काही विचारू नका, बाई," ती म्हणाली आणि भरलेली प्लेट तशीच घेऊन गाडीत जाऊन बसली.

मी रागातच राहिले. एप्रिलच्या शेवटी ओरिन माझ्या छपराची पन्हळ साफ करायला आला. शिडीवरून उतरला, कॉफी घेतली, आणि कपाकडे बघत म्हणाला, "बाई, मी रोझानकडे जात होतो. दवाखान्यात. झोप लागत नव्हती म्हणून. जे बायकोला सांगितलं नाही ते तिला सांगितलं. आणि मग त्या न्याहारीला... मला वाटलं, सगळं ऐकून हिलाही माझी शिसारी आली. परत गेलोच नाही."

"मग?"

"मग तिचा फोन आला. म्हणाली, त्यांचा नियम असतो. बाहेर भेट झाली तर त्यांनी आपणहून ओळख दाखवायची नाही, म्हणजे हा माणूस आमच्याकडे येतो असं कुणाला कळत नाही. आपण आधी बोललो तरच त्या बोलतात. हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. ती सांगायला विसरली." त्याने कप खाली ठेवला. "आणि मी बापडा तिथे ती बोलेल म्हणून वाट बघत होतो."

पुढे पुष्कळ दिवसांनी रोझानने मला तिची बाजू सांगितली. कुणाविषयी, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लाज तिची होती, ती तिने सांगितली. माणूस तिचा नव्हता, तो तिने सांगितला नाही.

तो माणूस दोन आठवडे आला नाही, तेव्हा डॉक्टर सोबोत्कांनी विचारलं, "बाहेर भेटल्यावर काय करणार, हे पहिल्या दिवशी बोलला होतात ना?" रोझान "हो" म्हणून गेली. तिच्या मुलींच्या वयाची ती तीन मुलं समोर बसलेली. "बाई, खोटं बोलायचं असं मनातही नव्हतं. 'हो' बाहेर पडलं, आणि मग ते परत आत घेता येईना."

सोबोत्का म्हणाल्या, "मग तो येईनासा का झाला, ते त्या पहिल्याच बोलण्यात शोधू. त्याचं रेकॉर्डिंग पुढच्या गुरुवारी आणा."

'ते पुसलं गेलं' म्हटलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती, कारण पुसायचंच असतं. आठवडाभर ती हे एकच वाक्य मनात घोळवत राहिली. ते बोलली की पदवी हातात होती. पण मग तो माणूस का गेला, हे कुणालाच कळणार नव्हतं. त्यालाही नाही.

गुरुवारी तिने ते लावलं. त्या खोलीत तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, पार्लरमधला. तो माणूस अडखळत बोलायला लागे आणि ही मध्येच, कॉफी आणू का, खुर्ची नीट आहे ना, रस्त्यावर बर्फ फार होतं का. तो एकदा म्हणाला, "हल्ली लोक माझ्याकडे बघत नाहीत असं मला वाटतं," आणि ही हसून म्हणाली, "छे हो, होईल सगळं ठीक." नियम सांगायची जागा त्या हसण्यात निघून गेली होती. तीन मुलांतला एक खाली मान घालून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"मी सांगितलं नव्हतं," रोझान म्हणाली. "आणि गेल्या आठवड्यात खोटं बोलले."

सोबोत्कांनी आवाज चढवला नाही. विसरणं समजू शकते, म्हणाल्या, पण त्या 'हो'साठी विद्यापीठातलं हे सहा महिन्यांचं सत्र पुन्हा करावं लागेल. "त्याआधी त्याला फोन करा. काय विसरलात तेवढं सांगा. परत या म्हणू नका. आणि तुम्हाला किती वाईट वाटतंय, ते तर अजिबात सांगू नका. नाहीतर तो बिचारा तुमचीच समजूत काढत बसेल."

रोझानने तेवढंच केलं. ओरिन पुढे दुसऱ्या गावच्या समुपदेशकाकडे जाऊ लागला. आता झोप लागते, असं मला त्यानेच सांगितलं. तो रोझानकडे पुन्हा गेला नाही.

यंदाच्या न्याहारीला मी रोझानच्याच गाडीतून गेले. शेडपाशी तिने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं नाही.

"तुम्ही जाऊन या, बाई. मी बसते."

का, ते मी विचारलं नाही. ही रांगेत उभी राहिली असती, तर बोलायचं की नाही याचं ओझं पुन्हा त्याच्यावर पडलं असतं, सगळ्या गावादेखत.

मी दोन प्लेटा पुढे केल्या. ओरिनने विचारलं, "दुसरी कुणाची?"

"रोझानची. गाडीत आहे."

वर्नन काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. ओरिनने तव्यावर तयार असलेला पॅनकेक बाजूला सारला, नवं पीठ ओतलं आणि ते फुलेपर्यंत उभा राहिला. रांग खोळंबली. मग तो गरम पॅनकेक दुसऱ्या प्लेटमध्ये ठेवून म्हणाला, "तिला म्हणावं, गार व्हायच्या आत खा."

मी गाडीत बसून निरोप सांगितला. रोझानने दोनदा विचारलं, "हेच शब्द? आणखी काही नाही?"

"हेच. अगं, आता तरी चल आत."

तिने प्लेट मांडीवर घेतली. मानेवर तेच लाल चट्टे उठले होते.

"आत ये असं नाही म्हणाला कुणी, बाई," ती म्हणाली. "खा म्हणालेत."

आणि तिने खाल्लं, तुकडा न् तुकडा, शेडच्या दाराकडे एकदाही न बघता.