नैवेद्याची गाडी धुळ्याला गेली

मी आज कोइमतूरला आहे तो नानांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिगतीत चूक माझी आहे आणि सही नानांची.

नाना म्हणजे माझे थोरले काका. भुसावळला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन पिंप्राळ्याला आमच्यात राहायला आले आणि येताना रेल्वेही घेऊन आले. तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे डबे, इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार. हॉलमध्ये जळगाव, स्वयंपाकघरात ओट्याखाली भुसावळ. गाडी निघायची झाली की आई गरम भाकरी हातात घेऊन उंबऱ्यात उभी.

"भाऊजी, पोरं उपाशी आहेत!"

"फाटक बंद आहे," नाना सांगायचे.

प्रत्येक फेरी रजिस्टरात चढायची. 'चार मिनिटं उशीर. कारण: मांजर.' नोकरीत नानांनी कधी खोटी नोंद केली नव्हती, मग मांजरावर तरी खोटा आळ कशाला घेतील?

काकू धुळ्याच्या. "बठ्ठा गावले स्टेशन शे, मना माहेरलेच नही?" त्यांनी विचारलं. मेन लाइन धुळ्यावरून जात नाही, हे नानांनी नकाशा काढून समजावलं. दोन दिवस नानांच्या चहात साखर पडली नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत धुळ्याचा फाटा टाकून झाला. खऱ्या रेल्वेत इतक्या लवकर मंजूर झालेली मागणी मी अजून ऐकलेली नाही.

फाटा आला म्हणजे रूळ बदलणारा माणूस आला. तो मी. नववीत दुसऱ्यांदा नापास होऊन शाळा सोडली होती. 'पुढे काय?' हा प्रश्न घरातले सगळे विचारायचे, आणि नेमका माझा घास तोंडात असताना. नानांनी एकदाही विचारला नाही. त्यांनी आपली जुनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, वायरी सोलायला नि जोडायला शिकवलं, फाट्याच्या खटक्याच्या वायरी माझ्याकडूनच जोडून घेतल्या आणि मला पॉइंट्समन नेमलं. घरात तेव्हा हुद्दा असलेले आम्ही दोघंच.

त्या गणपतीत काकूंचे भाऊ आले. कोइमतूरच्या एका कारखान्यात फोरमन. मला कामाला सोबत न्यायचं की नाही, हे ते आरतीनंतर सांगणार होते. सकाळपासून मला सूचना चालू होत्या. "नीट उभा राहा." "कमी बोल." वडील म्हणाले, "बोलूच नको."

हॉल शेजाऱ्यांनी भरला, म्हणून पाहुण्यांची खुर्ची पडली न्हाणीघराच्या बोळात. म्हणजे धुळ्याला.

आमच्याकडे नैवेद्य गाडीनं यायचा. उघड्या वॅगनमध्ये पाच मोदक, भुसावळहून निघून थेट देवापुढे. मला फक्त खटका डावीकडे दाबायचा होता. पण माझा डोळा पाहुण्यांकडे. शिट्टी वाजवली आणि खटका उजवीकडे दाबला.

हॉलमध्ये सगळे डोळे मिटून हात जोडून उभे. देवही वाट बघतोय. आणि गाडी डौलात वळून धुळ्याला जाऊन थांबली, बरोबर पाहुण्यांच्या पायाशी. प्रवासातून आलेला भुकेला माणूस. त्यांनी एक मोदक उचलला आणि खाल्ला.

"अगं बाई, देवाच्या आधी?" शेजारच्या अक्कांनी डोळे उघडले होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं ते निकालाच्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"देवनी पहिले माले धाडं!" पाहुणे भरल्या तोंडानं म्हणाले.

"मना माहेरना मान शे तो," काकू फुलून गेल्या. एवढ्या गर्दीत खूश झालेल्या त्या एकट्याच.

पाहुण्यांनी घास गिळला. "पण गाडी वळवली कोणी?"

कोइमतूर गेलं, एवढंच कळत होतं. तेवढ्यात नाना उठले, रजिस्टर काढलं, लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "पाहुण्यांच्या सन्मानार्थ गाडी धुळ्याकडे वळवली. आदेश गार्डचा. पॉइंट्समननं पाळला." खाली सही केली.

आईनं दुसरे पाच मोदक भरले, ते हातानंच देवापुढे नेले. आरतीनंतर पाहुणे खाली वाकून फाट्याच्या वायरी बघत बसले. "हे जोडकाम कोणाचं?"

"त्याचंच," नाना म्हणाले. ही नोंद मात्र खरी होती.

"पोऱ्या कामना शे," म्हणत पाहुण्यांनी दुसरा मोदक घेतला. माझी नोकरी वायरींवर लागली की मोदकांवर, ते विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

आता मी कारखान्यात पॅनेलच्या वायरी जोडतो. कुठलाही खटका दाबण्याआधी तीनदा बघतो, सोबतचे हसतात. तिकडे इंजिनाची मोटार जळून गाडी बंद पडली आहे. तरी रजिस्टर रोज भरलं जातं. काकूंनी परवा फोनवर पान दाखवलं. 'गाडी रद्द. कारण: पॉइंट्समन बाहेरगावी.' मोटारीचं नाव नाही. म्हणजे नानांची दुसरी खोटी नोंदही माझ्याचसाठी.

नाना, तशीच मोटार मी इथे शोधून ठेवली आहे. रजा मिळेल त्या गणपतीला घेऊन येईन. खटका डावीकडे दाबून नैवेद्य आधी देवाला पोचवीन. मग तुमच्या त्या सहीखाली खरं काय झालं ते लिहीन, आणि सही माझी करीन.